दिवाळं काढण्याचा खर्च

खुर्चीवर बसण्याआधी ताई तिच्यावर तळवा दाबून बघायच्या. डॉक्टरकडेसुद्धा.

कुणाच्या घरी गेल्या की नजर आधी सोफ्याखाली. मग माणसांकडे.

काम करताना तोंडात बारीक खिळे. डाव्या गालात साठा, ओठांवर एक तयार. हसू आलं की आधी खिळे हातावर काढायच्या, मग हसायच्या. त्यामुळे विनोद करणाऱ्याला थोडा वेळ थांबावं लागायचं.

जुना सोफा उसवला की आत जे सापडेल ते पुडीत बांधून मालकाला परत. चिल्लर, कानातलं, पेन्सिली. एकदा एक प्रेमपत्र निघालं. ते त्यांनी नवऱ्याच्या हातात न देता बायकोच्या हातात दिलं. नंतर कळलं, पत्र तिचंच होतं.

स्वतः बसायच्या उलट्या खोक्यावर. "दुनियेच्या बुडांची सोय करता करता माझ्या बुडाचं राहूनच गेलं," म्हणायच्या.

त्या गादीकाम करत. सोफे, खुर्च्या, दवाखान्यांतली बाकं. रस्त्याला लागून भाड्याची एक लांबट खोली, पुढे काम, मागे पडद्याआड पलंग आणि शेगडी. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. साहित्य शिकायला आले होते. शिकून झालं, तरी राहिले. त्या मला कादंबरी म्हणायच्या. "काय गं कादंबरी, आज जेवलीस की नुसतीच वाचलीस?" मी तीस वर्षांनी लहान होते, तरी आमची मैत्री होती. दुसरा शब्द मला सापडत नाही.

त्यांचं बुडालं ते नाट्यगृहामुळे.

गावातलं मोठं नाट्यगृह नवं करायला काढलं होतं. सगळ्या खुर्च्या नव्याने भरायचं काम ताईंना मिळालं. एवढं मोठं काम त्यांनी कधी घेतलं नव्हतं. फोम, लाल मखमल, पट्टे, स्प्रिंगा, सगळ्यासाठी बँकेचं कर्ज काढलं. दोन बायका मदतीला ठेवल्या. काम संपल्यावर रिकाम्या नाट्यगृहात एकेका खुर्चीवर बसून पाहिलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. मी दारात उभी होते. रंगमंचावर काहीच चाललं नव्हतं आणि एक बाई सगळ्या जागांवरून ते बघत होती.

बिलाचे पैसे मात्र कधीच आले नाहीत. नाट्यगृह चालवणाऱ्या कंपनीने हात वर केले. कोर्टात जाऊन रीतसर दिवाळं काढलं. ताईंना एक छापील कागद आला. ज्यांची देणी फेडायची त्या यादीत त्यांचा नंबर होता, पण फार खाली. त्यांच्यापर्यंत येईस्तोवर काही उरणार नव्हतं.

"त्यांच्याकडे दिवाळं काढायला पैसे होते," ताई म्हणाल्या. "मला द्यायला नव्हते."

मी हसले. त्यांनी तोंडातले खिळे काढले नाहीत.

पुढे बँकेचे हप्ते थकले. वसुलीचे फोन सुरू झाले. ताई तोंडात खिळे ठेवूनच फोन उचलायच्या आणि नुसतं "हं, हं" करायच्या. मग माणसं यायला लागली. खोलीत विकण्यासारखं फारसं नव्हतं. एक शिलाई मशीन होतं. जाड चामडंही शिवणारं, दोघांनी उचलावं असं. आणि भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं: हातोड्या, वाकड्या सुया, पट्टे ताणायचं लाकूड. वसुलीवाल्यांपैकी एकाने मशीनवर हात ठेवला.

"चालतं का हे?"

"माझ्या हाताने चालतं," ताई म्हणाल्या. "तुमच्या हाताला चावेल."

तो गेला. पण जाताना मशीनचा फोटो काढून गेला. त्या दिवशी ताईंनी दुपारचा चहा केला नाही. "हे गेलं की मी गेले," एवढंच बोलल्या. पन्नाशी उलटल्यावर दुसरं काही शिकायची त्यांची तयारी नव्हती. आणि दुसऱ्याच्या दुकानात दुसऱ्याच्या हत्यारांनी काम करणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून बघणं, असं त्या म्हणत.

आम्ही वकीलबाईंकडे गेलो. औषधांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. जिन्यात औषधांचा वास. ताईंनी खुर्ची दाबून पाहिली, मग बसल्या. वकीलबाईंनी सरळ सांगितलं. दिवाळ्याचा अर्ज दाखल झाला की त्या दिवसापासून वसुली थांबते. कोर्ट एक अधिकारी नेमतं. तो काय आहे, काय नाही ते बघतो. कारागिराची हत्यारं आणि मशीन कुणाला नेता येत नाही. शेवटी कोर्टाचा आदेश निघतो आणि माणूस मोकळा होतो. अर्ज नसेल तर काहीच वाचत नाही.

"मग करा अर्ज."

"खर्च आहे."

कोर्टाची फी. वर्तमानपत्रात जाहिरात. किंमत ठरवायला येणाऱ्या माणसाचे पैसे. अधिकाऱ्यासाठी अनामत. वकीलबाईंची फी. ताई बोटांवर मोजत होत्या. बोटं संपली.

"एवढ्यात तीन सोफे होतात," त्या म्हणाल्या. "कापडासकट."

"आणि माझी फी आधी लागेल. सगळी."

"थोडी उधार नाही चालणार?"

"उधार ठेवली तर उद्या मीच तुमच्या यादीत येईन, ताई. आणि यादीतल्या लोकांना काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे."

ताईंचा हात सवयीने तोंडाकडे गेला, खिळे काढायला. खिळे नव्हते. मग त्या मनापासून हसल्या. वकीलबाईही हसल्या.

"म्हणजे मी कंगाल आहे हे सांगायला आधी चार पैसे गाठीला हवेत."

"हो."

"आणि जो खरोखरच कंगाल असेल?"

"त्याचं दिवाळं निघत नाही. तो नुसता बुडतो."

येताना ताई रस्त्यात थांबल्या. "कादंबरी," म्हणाल्या, "आपल्याला बुडायचं नाही. आपल्याला दिवाळं काढायचंय. त्यासाठी कमवायला लागेल."

त्यांनी बस डेपोत काम धरलं. सकाळी फाटलेल्या सीटा, दुपारनंतर खोलीतलं नेहमीचं काम. बसच्या सीटांमध्ये च्युइंगम, ब्लेडने मारलेले काप, पेनने लिहिलेली नावं. "लोक सीटवर राग काढतात," त्या म्हणायच्या. "बरंय. तेवढाच घरी कमी काढत असतील." हाताला आले तसे पैसे त्या वकीलबाईंकडे नेऊन देत. दुपारचं खाणं सुटलं. मी वरून भाजी आणली तर म्हणायच्या, "ठेव, रात्री बघते," आणि मदतीला येणाऱ्या बायकांना वाटून टाकायच्या. कुरकूर ऐकली नाही. माझ्या ओळखीत एवढ्या जिद्दीने कुणी काही मिळवलेलं नाही. आणि मिळवायचं काय होतं, तर दिवाळं.

फी पुरी व्हायला थोडीच राहिली होती, तेव्हा डेपोने मागच्या कामाचे पैसे एकदम दिले. मला वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी कळलं, ताईंनी ते दोन ठिकाणी देऊन टाकले.

पहिलं ठिकाण सुतळीकाका. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं छोटं दुकान. सुतळी, काथ्या, गोणपाट. ऐंशीच्या घरातले. नाट्यगृहाच्या कामाला त्यांनी वर्षभर उधार माल दिला होता. दुसरं ठिकाण वहिनी, म्हणजे ताईंच्या थोरल्या भावाची बायको. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे त्यांनी ताईंच्या हप्त्यासाठी दिले होते. नणंदेला दिले आणि रोज त्याची आठवणही करून दिली.

"ताई, आधी अर्ज करायचा ना," मी म्हटलं.

"अर्ज केला की मग कुणालाच काही देता येणार नाही. वकीलबाईच म्हणाल्या. म्हणून आधी." त्यांनी खिळा ठोकला. "बँकेचं बुडालं तर कोण उपाशी राहतं? काकांचं बुडालं तर काका राहतात."

मला ते बरोबर वाटलं. अजूनही वाटतं. चूक तिथेच झाली होती, पण ते आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस ताई डेपोतून उशिरा येत राहिल्या. शेवटी फी भरली. अर्ज दाखल झाला. फोन बंद झाले, त्याच दिवशी. ताईंनी फोन उचलून कानाला लावून पाहिला. "मेला की काय?" म्हणाल्या. तो आठवडा त्या काम करताना गुणगुणत होत्या. खिळे तोंडात असताना गुणगुणणं सोपं नाही.

मग अधिकाऱ्याने बोलावलं. तरुण माणूस, नीट भांग, आवाज मऊ. एकेक प्रश्न विचारून लिहून घेत होता. मशीनची नोंद झाली. हत्यारांची झाली. "ही तुमच्याकडेच राहतील," तो म्हणाला. ताईंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

"गेल्या वर्षभरात कुणाचं देणं फेडलंत?"

"फेडलं ना," ताई म्हणाल्या. एवढ्या अभिमानाने त्या कुठल्याच उत्तरात बोलल्या नव्हत्या. "लहान माणसांचं सगळं फेडलं. काकांचं आणि वहिनींचं. एक पैसा ठेवला नाही."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. समजावून सांगितलं. दिवाळं काढायच्या तोंडावर एकाला पूर्ण आणि बाकीच्यांना शून्य, असं करता येत नाही. कायद्यापुढे सगळे सारखे. त्या दोघांना दिलेली रक्कम परत यायला हवी. मग ती सगळ्यांत वाटली जाईल. आली नाही तर अर्ज फेटाळावा अशी शिफारस त्याला करावी लागेल.

"आणि अर्ज फेटाळला तर मशीन?"

"मग बँकेला मोकळीक."

"सगळ्यांत वाटणार म्हणजे बँकेलासुद्धा?"

"मुख्यतः बँकेलाच," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. "मी दोघांना नोटीस पाठवतो."

"नोटीस नको," ताई म्हणाल्या. "म्हातारा माणूस आहे, दचकेल. मी जाते."

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंत?"

"चांगल्या कामाची काय परवानगी घ्यायची?"

वकीलबाईंनी बॅग खाली ठेवली. मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "काकांना दिलेले पैसे नव्या मालाचे असते तर प्रश्न नव्हता. नव्या मालाचं बिल असतं तर."  बॅग उचलून गेल्या.

आम्ही चालत बाजाराकडे निघालो, ताई पुढे. दुकान दिसायला लागलं तशा थांबल्या.

"मी सांगितलं तर काका बिल देतील."

"देतील."

"आयुष्यात त्यांनी खोटं बिल केलं नसेल. माझ्यासाठी करतील." त्यांनी पदर सारखा केला. "म्हणून ते सांगायचं नाही."

सुतळीकाका गोणपाटाच्या गठ्ठ्यावर बसले होते. ताईंनी सगळं सांगितलं. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. अर्ध्या बाजाराने ऐकलं.

"म्हणजे दिलेलं परत मागतेयस?"

"हो, काका."

"गिळलेला घास ओकू?"

"हो."

काकांनी गल्ल्याखालून एक पाकीट काढलं. "हे निम्मे. जसेच्या तसे आहेत. आणि उरलेले निम्मे," त्यांनी तोंड उघडलं. वरखाली पांढरेशुभ्र नवे दात. "इथे आहेत. काढून देऊ?"

ताई बघत राहिल्या. मग दोघंही हसायला लागले. काकांना हसताना नवे दात सांभाळावे लागत होते, ते बघून ताई आणखी हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "राहू देत. छान दिसतात. दातांचं मी बघते."

"तू कुठून बघणार, पोरी?"

"डेपो आहे ना."

वहिनींकडे हसणं झालं नाही. दारातच त्या म्हणाल्या, "या वन्सं. आता काय हवंय? की काही परत करायला आलात?"

"परत घ्यायला आलेय, वहिनी."

वहिनींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या खाली बसल्या. आतल्या खोलीत शिकवणीची मुलं पाढे म्हणत होती, ती गप्प झाली.

"वा! म्हणजे उधार द्यायचे मी. रोज झोप घालवायची मी. परत मिळाले म्हणून जरा हसले, तर तेही ओढून न्यायचे. आणि कुणाला? बँकेला! बँक काय माझी नणंद लागते?"

"चूक माझी आहे."

"तुमचीच आहे. प्रामाणिकपणा करायचा तर विचारून करावा माणसाने!"

दादा, म्हणजे ताईंचे थोरले भाऊ, दारात उभे होते. ते म्हणाले, "अगं, ती काय मुद्दाम..."

"तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही बोलायला लागलात की माझं डोकं फिरतं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ताईंनी उलट उत्तर केलं नाही. एकेक शब्द ऐकून घेतला. शेवटी एवढंच म्हणाल्या, "वहिनी, नाही म्हणालात तरी मी समजेन. फक्त मशीन जाईल." आणि उठल्या.

निघताना वहिनींनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

काकांचे निम्मे ताईंनी अधिकाऱ्याला नेऊन दिले. दातांची रक्कम डेपोच्या पगारातून हप्त्याने भरायची लेखी कबुली दिली. अर्ज केल्यानंतरची कमाई त्यांची स्वतःची होती, म्हणून अधिकाऱ्याने ते मान्य केलं. उरले वहिनींचे. मुदत संपत आली. ताई वहिनींकडे पुन्हा गेल्या नाहीत, कुणाला पाठवलंही नाही. मी जाते म्हटलं, तर म्हणाल्या, "तिचा पैसा, तिचा राग. दोन्ही तिचंच आहे."

त्यांनी मशीन पुसून ठेवलं. तेल घातलं. कुणी न्यायला आलं तर चांगल्या स्थितीत जावं म्हणून.

शेवटच्या दिवशी दुपारी अधिकाऱ्याच्या ऑफिसातून वकीलबाईंचा फोन आला. एक बाई येऊन रक्कम भरून गेल्या होत्या. पावती घेताना त्यांनी अधिकाऱ्याला चांगलं अर्धा तास सुनावलं होतं. "तुमच्या कायद्याला आई-बहीण आहे की नाही?" असं विचारलं म्हणे. आणि पावती दोनदा तपासून घेतली.

काही महिन्यांनी आदेश निघाला. मशीन राहिलं, हत्यारं राहिली. ताई कायद्याने कुणाचं काही देणं लागत नव्हत्या. मी पेढे आणते म्हटलं. "दिवाळ्याचे पेढे?" म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्या पुन्हा कामालाच बसल्या.

वहिनींना पैसे द्यायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. आता कायद्याची आडकाठी नव्हती. वहिनींनी दार अर्धंच उघडलं. "एक पैसा ठेवलात तर सोसायटीभर ओरडेन," म्हणाल्या. "परत कुणी अधिकारी उगवायचा आणि मला धावायला लावायचा. फिटलं. पुरे."

"कोर्टाचं फिटलं," ताई मला जिना उतरताना म्हणाल्या. 

त्यानंतर त्यांनी दादांना गाठलं. वहिनी ज्या खुर्चीवर बसून शिकवण्या घेत, ती हात असलेली जुनी खुर्ची. बसकण खचलेली होती. दादा ती टेम्पोत घालून घेऊन आले. वहिनींना सांगितलं, पाय हलतोय, सुताराकडे टाकतो. दादांचं हे एवढं एकच खोटं मला माहीत आहे. वहिनींचा निरोप त्यांच्यासोबतच आला: "सुताराला म्हणावं, वाकडी सुई सांभाळून मार. आणि रंग भडक नको."

ताईंनी खिळे काढून हातावर घेतले आणि खूप वेळ हसल्या.

सकाळी डेपो, संध्याकाळी ती खुर्ची. फोम नको म्हणाल्या, फोम बसतो. जुन्या पद्धतीने करायची. पट्टे, स्प्रिंगा, काथ्या, वर कापूस. माझ्याकडून कापडाचे नमुने चाळून घेतले आणि करडा निवडला.

त्या गेल्या तेव्हा डेपोत होत्या. दुरुस्त केलेल्या बसमध्ये शेवटच्या रांगेत बसलेल्या. डेपोतल्या लोकांना वाटलं, सीट तपासताहेत. म्हणून बराच वेळ कुणी हाक मारली नाही. हृदय, डॉक्टर म्हणाले. मला अजून ते नीट कळलेलं नाही. जिना उतरताना मी थांबते, हातोडीच्या आवाजासाठी. मग पुढे उतरते.

दादा आणि वहिनी खोली आवरायला आले. मशीन मदतीला येणाऱ्या बायकांना दिलं, हत्यारंही. डेपोचं काम त्या दोघी बघतात. खुर्ची पुरी करू का, असं त्यांनी विचारलं, तर वहिनी नाही म्हणाल्या. ती अजून खोलीतच आहे, उलट्या खोक्यासमोर.

तिचे पट्टे ताणून झाले आहेत. त्यांच्यावर स्प्रिंगा शिवून झाल्या आहेत. स्प्रिंगा सुतळीने एकमेकींना बांधायच्या असतात, उभ्या, आडव्या आणि तिरप्या, म्हणजे माणूस बसला तरी त्या जागच्या हलत नाहीत. उभ्या गाठी झाल्या आहेत. आडव्यांची पहिली ओळ झाली आहे. दुसऱ्या ओळीत सुतळी दोन स्प्रिंगांवरून गेली आहे. तिसरीला वेढा घातलाय, गाठ मारलेली नाही. पुढची सुतळी जमिनीवर, अजून बंडलातच आहे.